द्वारकामावशींचा तपास

आमच्या चाळीत एखादी वस्तू हरवली की लोक आधी देवाला नारळ बोलत आणि मग द्वारकामावशींच्या दाराशी येत. देवाचा गुण यायला वेळ लागे. मावशींचा संध्याकाळपर्यंत येई.

मी लग्न होऊन गिरगावातल्या त्या चाळीत आले तेव्हा तिसऱ्या मजल्यावर आमची खोली आणि मावशींची खोली यांच्यामध्ये फळ्यांची एक भिंत होती. भिंत कसली, आडोसाच. पलीकडे त्यांनी तांदूळ पाखडायला घेतले की सुपाचा आवाज मला ऐकू येई. इकडे मी आमच्या ह्यांच्याशी भांडले की दुसऱ्या दिवशी मावशी आपणहून म्हणत, "काल चूक तुझी होती गो, सुमन." मला राग यायचा. पण चूक बहुतेक वेळा माझीच असायची, त्यामुळे रागवून फारसा उपयोग नव्हता.

मावशी बुटक्या, सावळ्या, आखूड नऊवारी नेसणाऱ्या. कपाळावर ठसठशीत कुंकू. दिवसभर दार सताड उघडं टाकून उंबऱ्याशी पाटावर बसायच्या. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायच्या नाहीत, पायांकडे बघायच्या. नवीन माणसाला वाटे, आपल्या पायाला काही लागलंय की काय. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तोंड काय, माणूस धुऊन येतो. पायांकडे लक्ष देतो कोण?" त्यानंतर कितीतरी दिवस मी त्यांच्याकडे जाण्याआधी पाय धुऊन जात होते.

पाध्यांच्या कळशीची गोष्ट मी आल्यावर थोड्याच दिवसांत घडली. पाध्यांच्या सुनेनं माहेरून तांब्याची सुरेख कळशी आणली होती. नळावर ती घेऊन आली की बायका हातातलं काम टाकून बघत बसत. एके दिवशी कळशी नाहीशी झाली. सगळ्यांनी लगेच भांडी घासणाऱ्या गंगूवर डोळे वटारले. गंगू रडत मावशींकडे आली. मावशी उठल्या, पाध्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि परत आल्या. दुपारी तांब्याभर ऊन पाणी घेऊन पुन्हा गेल्या आणि पाध्यांच्या सासूला म्हणाल्या, "आजी, तुमचे गुडघे दुखतात ना? या, पाय धुऊन देते." गुडघ्यांमुळे खोलीबाहेर न पडणाऱ्या आजींच्या पावलांना कोळशाची काळी भुकटी लागलेली होती, आणि चाळीचे कोळसे जिन्याखाली असत. दुसऱ्या दिवशी सकाळी कळशी नळाजवळ उभी होती. कुणी ठेवली हे मावशींनी कुणालाच सांगितलं नाही. मलासुद्धा त्यांनी ते आजी गेल्यावर सांगितलं.

हीच त्यांची पद्धत होती. वस्तू जागेवर आली की त्यांचा तपास संपला. माणसाचं नाव त्या गिळून टाकत. लोकांना याचा वैताग येई. चोर कोण हे कळल्याशिवाय आमच्या बायकांना जेवण कुठलं जायला! पण मावशी हसून दुसऱ्याच विषयावर जायच्या.

त्यांना सापडली नाही अशी एकच गोष्ट होती. त्यांचा नवरा. तरुणपणी तो रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत कामाला होता. एके दिवशी जेवणाचा डबा घेऊन गेला तो परत आलाच नाही. मावशींनी वखारी पालथ्या घातल्या, इस्पितळं पाहिली, कोकणातल्या गावी जाऊन आल्या. माणूस मेला असं कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. त्यांनी कुंकू पुसलं नाही. त्यामुळे चैत्रातलं हळदीकुंकू आलं की आमच्या बायकांची पंचाईत होई. बोलवावं तर काहींच्या मनात शंका, न बोलवावं तर तोंडावर कुंकू दिसतंय. मावशींनी हा पेच आपल्यापुरता सोडवला होता. त्या दिवशी दुपारपासून त्यांचं दार लावलेलं असे. एरवी कधीही न लागणारं ते दार बघून मला गलबलून यायचं. दुसऱ्या दिवशी मी वाटीत डाळ घेऊन गेले की म्हणत, "कैरी आंबट निघाली का गो?" आणि वाटी विसळून तिच्यात चार शेंगदाणे तरी घालून परत देत.

अशा बाईला सोबत मिळाली ती अप्पा मणेरीकरांची.

अप्पा गॅलरीच्या पलीकडच्या टोकाला राहत. बायको वारलेली, मुलगा दिल्लीला. रेल्वेतून निवृत्त झालेले. उंच, किडकिडीत आणि अतिशय कर्मठ. पहाटे नळाला पाणी आलं की पहिली आंघोळ अप्पांची. मग देवपूजा, मग प्राइमसचा भर्र आवाज आणि मग चहाचे दोन पेले. एक स्वतःचा. दुसरा झाकून मावशींच्या उंबऱ्यावर आणून ठेवायचे आणि खाकरायचे. एकदा अंगात फणफणून ताप असतानाही भिंतीला धरून उभे राहून त्यांनी देवांना आंघोळ घातली होती, ते मी पाहिलं होतं. मावशी चिडून म्हणाल्या होत्या, "एक दिवस पारोसे राहिले तर देव रडत नाहीत." अप्पा म्हणाले होते, "मला झोप लागणार नाही, द्वारकाबाई."

दुपारी जेवणं आटोपली की अप्पा वाचनालयातून आणलेली रहस्यकथा घेऊन येत. मावशींना वाचता येत होतं, पण अक्षर जुळवत. अप्पा गॅलरीत खुर्ची टाकून मोठ्यानं वाचत आणि मावशी आत उंबऱ्याशी वाती वळत ऐकत. पुस्तक अर्ध्यावर आलं नाही तोच त्या म्हणत, "तो डॉक्टर."

"गप्प बसा हो!" अप्पा कावत.

"बरं, बसते गप्प. पण डॉक्टरच."

शेवटी डॉक्टरच निघे. अप्पा पुस्तक आपटून मिटत आणि दिवसभर बोलत नसत. पण दुसऱ्या दिवशी दुपारी नवं पुस्तक घेऊन खाकरत उभे. मला वाटतं, त्या दोघांच्या आयुष्यात त्या दुपारींखेरीज दुसरं काही उरलेलं नव्हतं. चाळीत कुजबुज व्हायचीच. मावशी म्हणत, "होऊ दे. जिभेला हाड नाही, तिला व्यायाम हवा."

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. मुंबई आमच्यापासून तोडणार म्हटल्यावर आमच्या चाळीसारखी मऊ वरणभात खाणारी चाळही पेटून उठली. सभा, मोर्चे, हरताळ. मग गोळीबार झाले आणि संचारबंदी लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या राधाबाईंचा श्रीधर त्या सगळ्यात पुढे होता. राधाबाई विधवा, श्रीधर एकुलता एक, नुकताच नोकरीला लागलेला. तळमजल्यावर बाळाराम म्हणून एकजण राहायचा. तो पोरांची नावं पोलिसांना पुरवतो असं सगळे बोलत, आणि ते खरं होतं. संचारबंदी लागायच्या दिवशी संध्याकाळी श्रीधरनं सगळ्या चाळीदेखत त्याची गचांडी धरली आणि ओरडला, "पुन्हा नाव सांगितलंस तर जिता सोडणार नाही!" लोकांनी त्याला ओढून वर नेलं. मग चाळीचा मोठा दरवाजा बंद झाला आणि सगळी चाळ आत कोंडली गेली.

दुसऱ्या दिवशी बऱ्याच उशिरा, संचारबंदी घटकाभर उठल्यावर, झाडूवाला मागच्या जिन्याकडे गेला आणि बोंब मारत आला. तो जिना त्याच्याशिवाय कुणी वापरत नसे. खाली बाळाराम पडला होता, डोकं फुटून. अंग थंड पडलेलं.

घरात काय, चाळीत जरी कुणी गेलं तरी प्रेत उचलेपर्यंत आमच्याकडे चूल पेटत नसे. बातमी वर आली तशी मजल्यामजल्यावरचे स्टोव्ह फटाफट बंद झाले. शेगड्यांवर पाणी पडलं. माझा भात अर्धा कच्चा राहिला. कुणाच्या तव्यावर भाकरी, कुणाची आमटी उकळत असलेली. सगळ्या गॅलऱ्यांमध्ये विझवलेल्या कोळशांची वाफ भरली होती. मी मावशींकडे बघितलं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या आणि वाकून गॅलरीच्या त्या टोकाकडे बघत होत्या. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. हळदीकुंकवाचा दिवस नव्हता.

पोलीस आले. दरवाजा बंद होता, म्हणजे बाहेरचा माणूस नाही. धमकी कुणी दिली होती ते तर सगळ्यांना माहीत. श्रीधरला घेऊन गेले. राधाबाई जिन्यात बसून कपाळ बडवत होत्या. संध्याकाळी त्या वर येऊन मावशींचं दार ठोठावू लागल्या. "मावशी, तुम्ही कळश्या शोधता, पळ्या शोधता. माझा मुलगा घरातून हलला नव्हता हो. मी दाराला पाठ लावून बसले होते. पण आईचं कोण ऐकतं? कुणी केलं ते शोधा. फाशी देतील त्याला!"

दार उघडलं. मावशींनी तिला जवळ घेतलं, पण तोंडातून शब्द काढला नाही. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे काही दिवस अप्पा चहा आणून ठेवत होते. पेला तसाच गार होत होता. दुपारी पुस्तक घेऊन आले तर मावशी म्हणाल्या, "आज डोकं दुखतंय." अप्पा खुर्ची न टाकताच परत गेले. जाताना पुस्तक छातीशी धरलं होतं. मला वाटलं, भांडण झालं असेल. कर्फ्यूनं सगळ्यांचीच डोकी फिरली होती.

मग एका दुपारी मावशींनीच त्यांना हाक मारली. मी भिंतीच्या अलीकडे गोधडीला टाके घालत बसले होते. कान तिकडे लावायची गरज नव्हती.

"अप्पा, त्या दिवशी सकाळी तुमचा स्टोव्ह वाजला नाही," मावशी म्हणाल्या.

"अंगात कसकस होती."

"साऱ्या चाळीचे स्टोव्ह पेटले होते. बातमी आली तेव्हा विझले. तुमचा पेटलाच नव्हता. चहा आला नाही म्हणून मी तुमच्याकडे येऊन गेले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडला होता. देवांवर आदल्या दिवशीची फुलं तशीच होती." त्या थांबल्या. "ताप असताना तुम्ही देव धुतलेत अप्पा. मी पाहिलंय."

माझी सुई बोटात रुतली होती, ते मला मागाहून कळलं.

मग अप्पांचा आवाज आला. फार बारीक. "खाली प्रेत पडलेलं असताना देवांना पाणी कसं घालायचं, द्वारकाबाई?"

बाकीचं त्यांनी हळूहळू सांगितलं. त्या संध्याकाळचं भांडण बघून त्यांना राहवलं नव्हतं. दिवेलागणीला, कुणी बघू नये म्हणून, त्यांनी बाळारामला मागच्या जिन्यात बोलावलं होतं. पोराचं नाव देऊ नकोस एवढंच सांगायला. हात जोडले होते त्यांनी. बाळाराम हसला. म्हणाला, आधी तुमचं आणि त्या नवऱ्यानं टाकलेल्या बाईचं काय चालतं ते सांगून येतो चौकीवर. अप्पांनी त्याला ढकललं. आयुष्यात कुणावर हात उचलला नव्हता, पहिल्यांदा उचलला. दोन पायऱ्या पडेल आणि उठून शिव्या देईल असं त्यांना वाटलं. तो उठला नाही.

"मी रोज म्हणतो, आज जाऊन सांगेन," अप्पा म्हणाले. "कोट घालतो. मग पाय उचलत नाही. मला तुरुंगाची भीती वाटते हो. तिथे कुणाच्याही हातचं खायचं, कुठेही झोपायचं. तिथे देव कुठे ठेवणार मी?"

"जा तुम्ही. मी काही चौकीवर जाणार नाही. तुम्ही आपणहून जा."

"आणि नाही गेलो तर?"

"तर मला जावं लागेल."

"एवढं कराल?"

"राधाचा एकुलता एक आहे तो."

"आणि मी कोण?"

हे इतकं हळू विचारलं होतं की मला फळीला कान लावावा लागला. मावशी बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज फाटला होता. "तुम्ही गेल्यावर मला कोण आहे? कुणी नाही. तुम्हांला ठाऊक आहे ते. तरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी आंघोळ केली, पूजा केली, स्टोव्ह पेटवला. चहाचा पेला मावशींच्या उंबऱ्यावर ठेवला. मग कोट घातला, टोपी घातली आणि देवांची पेटी मावशींच्या हातात दिली. "रोज नाही जमलं तरी चालेल," म्हणाले. मावशींनी त्या दिवशीचा चहा उभ्यानंच प्यायला, ते जिना उतरेपर्यंत.

श्रीधर सुटला. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला, घोषणांनी चाळ दणाणून गेली. राधाबाई वर येऊन मावशींच्या पायांवर डोकं ठेवून गेल्या. पण मग चाळीत दुसरीच हवा सुटली. बाळाराम घरभेदी होता. त्याला मारणारा म्हणजे आंदोलनाचा माणूस, आणि त्याला पकडून देणारी ती कोण? अप्पा आपणहून गेले होते, पण मावशींनी त्यांना पाठवलं हे कळायला चाळीत कितीसा वेळ लागतो? मी तर कुणाला सांगितलं नव्हतं. पण अप्पांनी चौकीवर सगळं खरंखरं सांगितलं होतं, अगदी स्टोव्हसकट. लोक मावशींच्या दारावरून जाताना बोलणं थांबवू लागले. वस्तू हरवली तर हरवू देत, पण मावशींकडे नको, असं झालं. राधाबाईसुद्धा पुन्हा फिरकल्या नाहीत. मला वाटतं, उपकार इतका मोठा होता की त्यांना त्याच्यासमोर बसवेना. मावशींचं दार पूर्वीसारखंच उघडं असे. आत कुणी वळत नसे.

कोर्टानं अप्पांच्या हातून हे रागाच्या भरात झालं असं मानलं आणि काही वर्षांची शिक्षा दिली. एकदा मावशी मला म्हणाल्या, "सुमन, माझ्याबरोबर येशील? भेटीला जायचंय." त्यांनी धुतलेलं लुगडं नेसलं होतं आणि पुरचुंडीत बेसनाचे लाडू घेतले होते. तुरुंगाच्या दाराशी बरीच माणसं होती. आमची पाळी आली तेव्हा तिथल्या कारकुनानं वर न बघताच विचारलं, "कैद्याशी नातं काय?"

"शेजारी," मावशी म्हणाल्या.

"नात्यातल्या माणसालाच भेट मिळते, बाई."

"त्यांचा मुलगा दिल्लीला आहे. तो येत नाही."

कारकून माणूस वाईट नव्हता. त्यानं मान वर केली, मावशींकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बहीण म्हणा. सोडतो मी."

मी कोपरानं ढोसलं. म्हटलं, म्हणा हो मावशी, एक शब्द तर म्हणायचाय. मागच्या लोकांची चुळबुळ चालली होती. मावशींनी पुरचुंडी या हातातून त्या हातात घेतली.

"बहीण नाही मी त्यांची," त्या म्हणाल्या.

"मग कोण?"

मावशी रांगेतून बाजूला झाल्या. आम्ही परत फिरलो. वाटेत त्यांनी लाडू एका भिकारणीच्या पोरांना देऊन टाकले. मी रागावले होते. एवढ्या लांब येऊन, एका शब्दासाठी! मावशी म्हणाल्या, "बहीण म्हटलं असतं तर भेटले असते गो. पण ते ऐकून त्यांना कसं वाटलं असतं?"

पुढल्या पावसाळ्यात अप्पा तुरुंगातच वारले. मुलाला तार गेली. आम्हांला कळलं ते तो सामान न्यायला आला तेव्हा. त्यानं खोली मोकळी केली. मावशींनी देवांची पेटी त्याच्या हवाली केली. तो मला म्हणाला, "या बाई कोण?" मावशी तिथेच उभ्या होत्या. मी म्हटलं, "तुझ्या वडिलांना तुझ्यापेक्षा जवळच्या." तो गोरामोरा झाला. मावशींनी माझा हात दाबला, इतक्या जोरात की बांगडी पिचली.

महाराष्ट्र झाला, मुंबई आम्हांला मिळाली. चाळीनं तोरणं बांधली, पेढे वाटले. श्रीधरच्या हस्ते चाळीत झेंडा लावला. पेढ्यांचं ताट घराघरांतून फिरत आमच्या मजल्यावर आलं आणि आमच्या दारापर्यंत येऊन वळलं. मी माझ्या वाटचा पेढा घेऊन गेले तेव्हा मावशींनी तो खाल्ला आणि म्हणाल्या, "चांगलं झालं हो. पोराच्या कष्टांचं चीज झालं." त्यात टोमणा नव्हता. श्रीधर जिवंत होता याचा आनंद त्यांना शेवटपर्यंत होता.

त्याच वर्षी आम्हांला दादरला दोन खोल्यांची जागा मिळाली. हातगाडीवर सामान चढवलं त्या दिवशी मावशी तिसऱ्या मजल्यावरून खाली आल्या. कठड्याला धरून, थांबत थांबत. माझ्या कडेवरच्या मुलीच्या पायांत आपल्या हातांनी वाळे घातले. मी त्यांना म्हटलं, "मावशी, चला ना आमच्याकडे चार दिवस. एकट्या काय करता इथे?"

"नको गो. कुठे गेलं तरी तेच." मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, आणि या खेपेला त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, "पोरगं वाचलं, त्याचं बरं वाटतं. माझं चुकलं असं मला वाटत नाही. पण दुपार जात नाही, सुमन. कितीही केलं तरी दुपार जात नाही."

हे म्हणाले, "चला, उन्हं चढतायत." मावशी वळल्या आणि जिना चढू लागल्या. मी गाडीजवळ उभी राहिले. म्हटलं, वर पोचतील, कठड्याशी येतील, मी हात करीन. वाट बघून हे कुरकुरायला लागले तेव्हा कुठे त्या वर दिसल्या. गॅलरीत आल्या, पण कठड्याशी आल्या नाहीत. आमच्याकडे पाठ करून त्या टोकाच्या खोलीकडे बघत उभ्या राहिल्या. तिथे आता नवीन बिऱ्हाड आलं होतं आणि दार बंद होतं. मी हाक मारली. रस्त्यावरच्या गलक्यात ती वरपर्यंत गेली नसावी, कारण त्या वळल्या नाहीत.